गाभण डुकरीण गुबगुबीत, पिल्लं मात्र किरकोळ? कॅन्टीनच्या खरकट्यात नेमकं काय कमी पडतं, जाणून घ्या सविस्तर

चाकण, म्हाळुंगे, तळवडे, भोसरी, तळेगाव या कारखानदारीच्या पट्ट्यात डुकरं पाळणाऱ्या अनेकांचा धंदा कंपन्यांच्या कॅन्टीनमधल्या आणि हॉटेलांतल्या उरलेल्या अन्नावर चालतो. भात, चपाती, भाजी, रस्सा असं खरकटं पिंपं भरून मिळतं. खर्च असतो तो फक्त गाडीच्या डिझेलचा. त्यावर मादी चांगली जाडजूड होते आणि बघणाऱ्याला वाटतं, खाण्यापिण्यात काही कमी नाही.

प्रत्यक्षात ती व्याली की हिशोब चुकतो. दहा-अकरा पिल्लांतली तीन-चार अगदी बारकी निघतात. काही सडापर्यंत पोचतच नाहीत, तर काही आईखाली चेंगरून मरतात. आईचं दूधही पुरत नाही. पिल्लं विकून घर चालवणाऱ्याचं नुकसान इथेच होतं. यामागे आजार, थंडी, गोठ्यातली अस्वच्छता अशी बरीच कारणं असू शकतात. मात्र एका कारणाकडे सहसा लक्ष जात नाही. गाभणपणात मादीचं पोट भरतं, पण पिल्लांचं अंग ज्या मालातून बनतं तो माल तिला मिळत नाही. त्या मालाचं नाव अमिनो आम्ल.

थोडक्यात महत्त्वाचं

- डुकरीण सरासरी ११४ दिवस गाभण राहते. शेवटच्या २४ दिवसांत पिल्लांची वाढ सर्वांत जोरात होते.
- भात-चपातीतून ताकद भरपूर मिळते, पण लायसिन नावाचं अमिनो आम्ल निम्म्याहून कमी मिळतं.
- खरकट्यावरच्या मोठ्या जातीच्या मादीला रोज ३०० ग्रॅम आणि ९० दिवसांनंतर ५०० ग्रॅम सोयाबीन पेंड दिली, तर ही कमतरता बहुतेक भरून निघते.
- खरकटं वाढवून ही कमतरता भरत नाही, त्याने फक्त चरबी वाढते.
- खरकटं उकळल्याशिवाय देऊ नये.

अमिनो आम्ल म्हणजे काय?

मांस, रक्त, दूध, गर्भाची वार, पिल्लांचे अवयव हे सगळं प्रथिनांपासून बनतं आणि प्रथिनं बनतात अमिनो आम्लांपासून. एकूण २० प्रकारची अमिनो आम्लं लागतात. त्यातली काही डुकराचं शरीर स्वतः तयार करतं. लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन, व्हॅलिन अशी नऊ-दहा मात्र तयार करता येत नाहीत किंवा पुरेशी होत नाहीत. ती रोजच्या खाण्यातूनच यावी लागतात.

चाकणच्या गाडी कारखान्यात काम केलेल्याला हे लगेच समजेल. लाईनवर १०० गाड्यांचे सांगाडे आहेत, १०० इंजिनं आहेत, पण चाकं ६० गाड्यांपुरतीच आली, तर संध्याकाळी ६० गाड्याच बाहेर पडणार. बाकीचा माल तसाच पडून राहतो. शरीराचंही असंच आहे. जे अमिनो आम्ल सर्वांत कमी, तेवढ्यावरच प्रथिनाचं काम होतं. मका, भात, गहू, ज्वारी यांच्या खुराकात सर्वांत आधी कमी पडतं ते लायसिन. म्हणून डुकराचा खुराक ठरवताना लायसिनचा हिशोब पहिला करतात.

गाई-म्हशीला जमतं, मग डुकराला का नाही?

खेड, मावळ, शिरूरकडच्या दूध उत्पादकांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. गाईच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. ते चारा आंबवून त्यातून स्वतःची प्रथिनं बनवतात आणि पुढे तीच गाईच्या कामी येतात. म्हणून गाय साध्या चाऱ्यावरही बरंच भागवते. डुकराला माणसासारखं एकच पोट असतं, असा कारखाना त्याच्याकडे नाही. जे अमिनो आम्ल तोंडातून आत गेलं आणि लहान आतड्यात पचलं, तेवढंच त्याच्या उपयोगाचं.

म्हणूनच युरिया घातलेलं जनावरांचं खाद्य डुकरीणीला देण्यात अर्थ नाही. पोत्यावरच्या प्रथिनाच्या आकड्यात युरियाही धरलेला असतो आणि डुकराला त्यापासून प्रथिन बनवता येत नाही.

वरण-भातातलं शहाणपण

माणसाच्या ताटात भाताबरोबर वरण आणि भाकरीबरोबर पिठलं किंवा उसळ असते. धान्यात लायसिन कमी असतं, डाळीत भरपूर. डाळीत मिथिओनिन कमी असतं, ते धान्यात त्या मानाने बरं असतं. दोन्ही एकत्र आले की एकमेकांची कमतरता भरून निघते. कॅन्टीनच्या पिंपात मात्र भात-चपाती जास्त उरते आणि वरणाचं नुसतं पाणी राहतं. म्हणजे डुकरीणीच्या वाट्याला वरणाशिवायचा भात येतो.

आकड्यांत पाहू. पाच किलो शिजलेल्या भातातून साधारण ६,५०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. मोठ्या जातीच्या गाभण मादीची दिवसाची ऊर्जेची गरज त्यात जवळजवळ भागते. त्याच पाच किलो भातात प्रथिन असतं सुमारे १३५ ग्रॅम आणि लायसिन जेमतेम ५ ग्रॅम. पहिल्या वेताच्या मादीला गाभणपणाच्या पहिल्या ९० दिवसांतच रोज १० ते ११ ग्रॅम पचणारं लायसिन लागतं. म्हणजे पोट पूर्ण भरलं, पण लायसिन निम्म्यापेक्षाही कमी मिळालं. चपातीचा हिशोबही जवळपास असाच निघतो.

मग खरकटं दुप्पट टाकलं तर? लायसिन वाढेल, पण ऊर्जाही दुप्पट जाईल. जास्तीची ऊर्जा अंगावर चरबी होऊन बसते. जाड मादीला विताना त्रास होतो, व्याल्यानंतर तिची भूक मंदावते, दूध कमी येतं आणि उठता-बसता ती पिल्लं चेंगरते. जाड मादी म्हणजे पोसलेली मादी नव्हे.

११४ दिवसांत गरज कशी बदलते?

डुकरीणीचा गाभणकाळ तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा लक्षात ठेवतात. १ ऑगस्टला नर दाखवला असेल तर ९० वा दिवस ३० ऑक्टोबरला येतो आणि विण्याची तारीख २३ नोव्हेंबरच्या आसपास.

पहिला महिना: गर्भ पिशवीला चिकटून स्थिरावतात. काही गर्भ याच काळात नष्ट होतात. या दिवसांत भरमसाट खायला घालू नये. मादीला हलवू नये, भांडणं आणि उष्णता टाळावी. लायसिनची गरज मध्यम असते.

३० ते ९० दिवस: वार तयार होते आणि गर्भाची वाढ हळूहळू सुरू राहते. पहिल्या वेताची मादी स्वतःही वाढत असते. रोड मादीला सावरण्यासाठी आणि जाड मादीला आवरण्यासाठी हाच काळ योग्य.

९० दिवसांपासून विण्यापर्यंत: इथे सगळं चित्र बदलतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापानुसार गाभणपणाच्या साधारण ६९ व्या दिवसापर्यंत एका गर्भाच्या अंगात रोज पाव ग्रॅम प्रथिन साठतं. त्यानंतर हा आकडा रोज साडेचार ग्रॅमच्या वर जातो. दहा पिल्लं असतील तर एकट्या पिल्लांसाठीच रोज ४५ ग्रॅमहून जास्त प्रथिन. याच सुमारास कासेची वाढही जोर धरते. पुढे दूध किती येणार याचा पाया इथेच पडतो.

या दिवसांत खुराकातून अमिनो आम्ल कमी पडलं, तर मादी स्वतःच्या मांसातून ते काढून पिल्लांना देते. काही दिवस निभावतं. नंतर पिल्लांचं वजन घटतं, आई खंगते आणि दूध तोडल्यावर माजावर यायला उशीर करते. एका वेतातली कमतरता अशी पुढच्या वेतापर्यंत जाते.

नेमकं किती लायसिन लागतं?

जगभर वापरली जाणारी तक्त्यांची एक यादी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ साली प्रसिद्ध केली. तिच्यानुसार मोठ्या जातीच्या मादीची रोजची पचणाऱ्या लायसिनची गरज साधारण अशी:

- पहिल्या वेताची मादी, ९० दिवसांपर्यंत: १०.६ ग्रॅम
- पहिल्या वेताची मादी, ९० दिवसांनंतर: १६.७ ग्रॅम
- चौथ्या वेतापासून पुढची मादी: दोन्ही टप्प्यांत याहून साधारण ३० टक्क्यांनी कमी
- दुसऱ्या-तिसऱ्या वेताची मादी: या दोन्हींच्या मधे

पहिल्या वेताच्या मादीला जास्त लागतं, कारण तिला स्वतःची वाढही करायची असते. अनेक ठिकाणी उलटं घडतं. जुन्या, धष्टपुष्ट मादीला गव्हाणीत जास्त पडतं आणि तरुण मादीला उरलंसुरलं मिळतं. शक्य असेल तर पहिल्या वेताच्या माद्या वेगळ्या बांधाव्यात.

हे आकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँडरेस अशा मोठ्या जातींचे आहेत. गावठी किंवा लहान अंगाच्या संकरित मादीला खुराक कमी लागतो, त्यामुळे लायसिनही त्या प्रमाणात कमी लागतं. मात्र शेवटच्या टप्प्यात गरज वाढते हा नियम सगळ्यांना सारखाच लागू होतो.

घरी खुराक कसा बनवायचा? (१०० किलोसाठी)

मिश्रण एक, ९० दिवसांपर्यंत:

- मका भरडा: ६० किलो
- गव्हाचा कोंडा: २५ किलो
- सोयाबीन पेंड: १२ किलो
- खनिज-जीवनसत्त्व मिश्रण: २.५ किलो
- मीठ: अर्धा किलो

यात एकूण प्रथिन सुमारे १४ टक्के येतं. रोज दोन वेळा मिळून २.१ किलो दिलं तर मादीला जवळपास ११ ग्रॅम पचणारं लायसिन मिळतं.

मिश्रण दोन, ९० दिवसांनंतर:

- मका भरडा: ५६ किलो
- गव्हाचा कोंडा: २२ किलो
- सोयाबीन पेंड: १९ किलो
- खनिज-जीवनसत्त्व मिश्रण: २.५ किलो
- मीठ: अर्धा किलो

यात प्रथिन साडेसोळा टक्क्यांच्या आसपास जातं. रोज अडीच किलो दिलं की सुमारे साडेसोळा ग्रॅम पचणारं लायसिन मिळतं.

चार-पाच वेतं झालेल्या मादीसाठी दुसरं मिश्रण बनवण्याची गरज नसते. पहिलंच मिश्रण ९० दिवसांनंतर ४०० ग्रॅमने वाढवलं तरी पुरतं.

खरकट्यावरच पाळायचं असेल तर?

विकतचा मका परवडत नाही म्हणूनच तर खरकट्यावर डुकरं पाळली जातात. त्यामुळे खरकटं बंद करा असं सांगून उपयोग नाही. त्यात पेंडीची जोड द्यावी लागते.

- ९० दिवसांपर्यंत: भात-चपातीचं घट्ट खरकटं सुमारे ४ किलो आणि सोयाबीन पेंड ३०० ग्रॅम.
- ९० दिवसांनंतर: घट्ट खरकटं सुमारे साडेचार किलो आणि सोयाबीन पेंड ५०० ग्रॅम.
- दोन्ही टप्प्यांत: खनिज मिश्रण ४० ते ५० ग्रॅम. वरून मीठ घालू नये, कारण खरकट्यात ते आधीच असतं.

घट्ट खरकटं म्हणजे वरचं पाणी ओतून टाकल्यावर उरलेलं. नुसता रस्सा असेल तर पोट पाण्यानेच भरतं आणि वरचे सगळे हिशोब चुकतात. वजनकाट्यावर एकदा पेंड मोजून त्या मापाचा डबा ठरवून ठेवावा, म्हणजे रोज मोजत बसावं लागत नाही.

पेंड भिजवून खरकट्यात नीट कालवावी आणि प्रत्येक मादीला तिचा वाटा मिळतो का ते पाहावं. सगळ्या माद्या एकाच गव्हाणीवर खात असतील तर दांडगी मादी पेंड खाऊन जाते आणि दबकी मादी भातावर राहते.

खर्च किती येईल? पहिले ९० दिवस ३०० ग्रॅमप्रमाणे २७ किलो आणि पुढचे २४ दिवस ५०० ग्रॅमप्रमाणे १२ किलो, म्हणजे एका गाभणपणाला ३९ किलो पेंड. दर रोज बदलतो. किलोला ५० रुपये धरला तर १,९५० रुपये होतात. दूध तोडलेल्या एका पिल्लाला आपल्याकडे काय भाव मिळतो, ते यासमोर मांडून प्रत्येकाने स्वतःचा हिशोब करावा. पूर्ण पेंड परवडत नसेल तर निदान शेवटच्या २४ दिवसांची १२ किलो पेंड चुकवू नये.

कोणती पेंड घ्यावी, कोणती टाळावी?

सोयाबीन पेंड: बाजारात डीओसी म्हणून मिळते. यात लायसिन पावणेतीन टक्क्यांच्या वर असतं. मक्यात हेच पाव टक्का असतं. म्हणजे एक किलो पेंडीत साधारण ११ किलो मक्याइतकं लायसिन मिळतं.

घरचं कच्चं सोयाबीन: खेड, जुन्नर भागात सोयाबीन घरात असतं, म्हणून तसंच भरडून घातलं जातं. हे टाळावं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनाचं पचन अडवणारे घटक असतात. ते भाजून किंवा चांगलं उकडूनच द्यावं.

शेंगदाणा पेंड: प्रथिन भरपूर, पण लायसिन सोयाबीन पेंडीच्या जवळपास निम्मं. शिवाय ओल लागलेल्या पेंडीत बुरशीचं विष तयार होतं आणि ते गाभण मादीला घातक असतं. वास आलेली, काळी-हिरवी पडलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

सरकी पेंड: गाई-म्हशींसाठी घरोघरी असते. तिच्यात गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो. डुकराला तो सहन होत नाही. गाभण मादीला सरकी पेंड देऊ नये.

सुक्या मासळीची भुकटी: लायसिन सोयाबीनपेक्षाही जास्त. पण बाजारात मीठ आणि वाळू मिसळलेला माल येतो. खात्रीचा माल असेल तरच थोड्या प्रमाणात वापरावी.

लसूणघास: हिरवा कोवळा लसूणघास रोज किलो-दीड किलो दिला तर बद्धकोष्ठ होत नाही आणि मादी शांत राहते. पेंडीची जागा मात्र तो घेऊ शकत नाही.

पाकिटातलं लायसिन वापरावं का?

पशुखाद्याच्या दुकानात लायसिनची पावडर मिळते. साखर किंवा मळीवर जिवाणू वाढवून, मोठ्या टाक्यांत आंबवून ती बनवली जाते. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनही अशाच आंबवण्याच्या पद्धतीने बनत असे. तिथे बुरशी वापरत, इथे जिवाणू वापरतात. त्यामुळे लायसिन पावडर म्हणजे हार्मोन किंवा मांस वाढवायचं औषध असा जो गैरसमज आहे, त्यात तथ्य नाही.

या पावडरमध्ये सुमारे ७८ टक्के लायसिन असतं, म्हणजे १० ग्रॅम पावडरीतून ७.८ ग्रॅम लायसिन. मात्र भातावर नुसती पावडर टाकून काम होत नाही. लायसिनची अडचण सुटली की लगेच थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन किंवा मिथिओनिन कमी पडतं. चाकं आली, पण आता स्टिअरिंग नाही, असा प्रकार होतो. सोयाबीन पेंडीतून ही सगळी अमिनो आम्लं एकत्र येतात. म्हणून लहान वराहपालकासाठी आधी पेंड, मग गरज वाटली तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पावडर.

आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लाचीही चर्चा असते. काही प्रयोगांत ते दिल्यावर जिवंत पिल्लांची संख्या वाढली, पण हा फायदा सगळ्याच प्रयोगांत दिसला नाही. ते महागही पडतं. पेंड, पाणी आणि लसीकरण नीट नसताना त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

जास्त दिलं तर आणखी फायदा?

नाही. गरजेपेक्षा जास्त अमिनो आम्लं शरीरात साठत नाहीत. ती मोडून लघवीवाटे बाहेर जातात. म्हणजे पेंडीचे पैसे गटारात. शिवाय गोठ्यात अमोनियाचा उग्र वास वाढतो, मादीला पाणी जास्त लागतं आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. वस्ती वाढत चाललेल्या चाकण-मोशी भागात वासाची तक्रार ही लहान बाब नाही.

खरकटं उकळणं का गरजेचं?

आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग भारतात पहिल्यांदा २०२० साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांवर त्याचा इलाज नाही. आजारी डुकराच्या मांसाचा तुकडा खरकट्यातून आला तरी सगळा कळप जाऊ शकतो. म्हणून:

- खरकटं किमान ९० अंश तापमानाला, सतत ढवळत, एक तास उकळावं.
- मटण, चिकन, डुकराचं मांस असलेलं खरकटं घेऊच नये.
- प्लास्टिक, काड्या, हाडं, टिश्यू पेपर आधी वेचून काढावेत.
- कच्च्या आणि उकळलेल्या खरकट्याची पिंपं वेगळी ठेवावीत.
- सोयाबीन पेंड आणि खनिज मिश्रण खरकटं थंड झाल्यावरच मिसळावं.

कॅन्टीनच्या अन्नात मीठ जास्त असतं. अशा वेळी पाणी कमी पडलं तर डुकरांना मिठाची विषबाधा होते. मादी आंधळ्यासारखी भिंतीला धडकते, झटके येतात. गाभण मादीला रोज १० ते २० लिटर स्वच्छ पाणी लागतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये याहून जास्त.

हातानेच ओळखा मादीची तब्येत

मादीच्या पाठीच्या कण्यावर आणि कमरेच्या हाडावर तळहात ठेवून दाबून पाहावं. न दाबताच हाड लागत असेल तर मादी रोड आहे. जोरात दाबूनही हाड लागत नसेल तर ती जाड आहे. तळहाताने थोडं दाबल्यावर हाड जाणवलं, तर तब्येत योग्य. दर महिन्याला एकदा ही तपासणी करावी. रोड मादीला खुराक थोडा वाढवावा. जाड मादीचा भात कमी करावा, पण पेंड कमी करू नये. अनेकांची चूक इथेच होते. मादी जाड झाली म्हणून पेंड बंद करतात आणि भात चालू ठेवतात.

वहीत पाच नोंदी ठेवाव्यात: नर दाखवल्याची तारीख, विण्याची तारीख, जिवंत आणि मेलेली पिल्लं, प्रत्येक पिल्लाचं जन्माचं वजन, आणि दूध तोडताना उरलेली पिल्लं. मोठ्या जातीचं पिल्लू जन्मताना सव्वा ते दीड किलोचं असावं. एक किलोच्या आतलं पिल्लू जगणं अवघड जातं. दोन वेतांची वही समोर ठेवली की पेंडीचा खर्च निघाला की नाही ते कळतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

व्याल्यानंतर पेंड बंद करायची का?
उलट वाढवायची. दूध पाजणाऱ्या मादीची लायसिनची गरज गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्याच्या तिपटीच्या आसपास जाते. विण्याच्या दिवशी खुराक कमी, पाणी आणि थोडा कोंडा द्यावा. दुसऱ्या दिवसापासून रोज थोडा थोडा वाढवत आठवड्यात पोटभर खुराकावर आणावं.

खुराक बदलल्यावर मादी खात नाही, काय करावं?
एकदम बदल करू नये. आठवडाभरात पेंड हळूहळू वाढवावी. तरीही दोन वेळा खाणं सोडलं, ताप वाटला किंवा कातडी लाल-जांभळी दिसली, तर वाट न बघता पशुवैद्यकाला बोलवावं.

कोंबड्यांचं खाद्य चालेल का?
रोजच्या वापरासाठी नको. ते कोंबड्यांच्या गरजेनुसार बनवलेलं असतं, महाग पडतं आणि काही खाद्यांत औषधं मिसळलेली असतात.

सगळं नीट देऊनही पिल्लं मेलेली जन्मतात, मग?
कारण खाण्यात नसून रोगात असू शकतं. स्वाइन फिव्हरची लस दिली आहे का ते पाहावं आणि मेलेली पिल्लं पुरण्याआधी पशुवैद्यकाला कळवावं. नमुने पुण्यातल्या औंध इथल्या पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात तपासता येतात.

सल्ला कुठे मिळेल?

पहिलं ठिकाण म्हणजे जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा पंचायत समितीचा पशुसंवर्धन विभाग. जनावर आजारी असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करता येतो. खुराकाबाबत शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात पशुपोषणाचे जाणकार आहेत. जुन्नर, आंबेगाव, खेडकरांना नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र जवळ पडतं. वराहपालनावरची देशातली मुख्य संशोधन संस्था आसाममध्ये गुवाहाटीजवळ राणी इथे आहे.

सल्ला घ्यायला जाताना वही, खुराकातल्या जिनसांची यादी आणि रोजची मापं सोबत न्यावीत. ‘पोटभर घालतो’ एवढं सांगून कुणालाच नेमकं उत्तर देता येत नाही. काय घालतो, किती घालतो आणि मादी गाभणपणाच्या कितव्या दिवशी आहे, या तीन गोष्टी सांगितल्या की कुठे कमी पडतं ते लगेच सापडतं.